रविवार, राणीची बाग आणि म्हातारीचा बूट

मुंबईत किंवा मुंबईच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला वर्षातून एकदा तरी 'मुंबई दाखवणे' हे काम करावंच लागतं. मे महिन्यात नाहीतर दिवाळीत पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर दोन-तीन चिल्लीपिल्ली असतात, आणि रात्रीची जेवणं झाली की 'उद्या कुठे कुठे जायचं' याची यादी सुरू होते. आता गंमत बघा, ही यादी गेली साठ-सत्तर वर्षं जवळजवळ तीच आहे. सकाळी राणीची बाग, तिथलंच म्युझियम, मग गेटवे, तिथून मत्स्यालय, चौपाटीवर भेळ, आणि पायात जीव उरला असेल तर हँगिंग गार्डन आणि समोरचा म्हातारीचा बूट. माझ्या आजोबांनी बाबांना हेच दाखवलं, बाबांनी आम्हाला हेच दाखवलं, आणि आता आम्ही आमच्या दोघांना (वय वर्षं आठ आणि पाच) हेच दाखवतोय.

ही यादी केली कोणी? म्हणजे मुलांना घेऊन हिंडायचं ते याच ठिकाणी, हे ठरलं कसं? आमच्या धाकटीने बागेच्या फाटकातच विचारलं होतं, "ही बाग कुठल्या राणीची? ती इथे राहायची का?" तिला तिथे काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग घरी आल्यावर थोडं वाचलं, थोडं बाबांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय. इतिहासकार नव्हे मी, पण बाप आहे, आणि बापाला उत्तरं द्यावी लागतात. :)

तर पहिली गोष्ट म्हणजे, ती राणी इथे कधीच राहिली नाही. राणी म्हणजे व्हिक्टोरिया, आणि ती हिंदुस्थानात कधी आलीच नाही. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते भायखळ्याला 'व्हिक्टोरिया गार्डन्स' उघडली. त्याआधी शेती आणि बागाईत यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी हवी झाली म्हणून झाडांचा मुक्काम भायखळ्याला हलला. म्हणजे मूळ हेतू झाडांचा. कुठलं झाड या हवेत रुजतं, कशाचा व्यापाराला उपयोग होईल, हे बघायची ती जागा. म्हणूनच आजही तिथे तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत, आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशातली उर्वशी आहे. उर्वशी फुललेली बघायला मिळाली तर जरूर बघा, लाल-पिवळ्या फुलांचे झुंबरासारखे घोस लटकलेले असतात. मुलं अर्थातच बघत नाहीत. मुलांना वाघ हवा असतो.

वाघ-सिंह नंतर आले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली, आणि १८९० साली तिला आणखी पंधरा एकर जोडून ती जागा पशुपक्ष्यांसाठी राखून ठेवली. हे १८९० साल लक्षात ठेवा मंडळी, त्याच्याकडे परत यायचं आहे.

बागेच्या तोंडाशीच म्युझियम आहे, आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याचाही जन्म मुलांच्या करमणुकीसाठी झालेला नाही. १८५५ साली पॅरिसला एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या निमित्ताने इकडचा कच्चा माल, कारागिरीच्या वस्तू वगैरे गोळा झालं आणि त्यातलाच संग्रह इथे किल्ल्यातल्या बराकीत मांडला गेला. दोन वर्षांत सत्तावन्नचा उठाव झाला, बराकी सैनिकांसाठी हव्या झाल्या, आणि सगळा संग्रह अक्षरशः बाहेर काढला गेला. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी तो पुन्हा जमवला. त्यांच्याबरोबर समितीत जगन्नाथ शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी होते. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, वर्गण्या जमल्या, आणि १८६५ मध्ये कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, मुंबईचे शेअर कोसळले, भले भले सावकार बुडाले. वर्गणी देतो म्हणणारेच कंगाल झाले म्हटल्यावर काम रखडणारच. शेवटी सरकारी पैशाने इमारत पुरी होऊन २ मे १८७२ ला संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तेव्हा नाव होतं 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम'. ज्या भाऊ दाजींनी त्यासाठी खटपट केली त्यांचं नाव दिलं गेलं ते १ नोव्हेंबर १९७५ ला, म्हणजे ते जाऊन शंभरावर एक वर्ष झाल्यावर. आणि हो, शेजारच्या बागेचं 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' झालं १९६९ मध्ये. पण टॅक्सीवाल्याला आजही 'राणीची बाग'च सांगावं लागतं. बाबांच्या पिढीची माणसं तर 'राणीचा बाग' म्हणतात, पुल्लिंगी! त्यावरून आमच्याकडे नातवंडं आणि आजोबा यांच्यात एक कायमचा वाद चालू असतो.

संग्रहालयात मुलं कंटाळतील अशी मला धास्ती होती, पण तिथे मातीच्या बाहुल्या आहेत. मुंबईत तेव्हा राहणाऱ्या नाना जातीजमातींची माणसं, त्यांच्या पगड्या, नेसणी, त्यांचे धंदे, सगळं वीतभर उंचीत. पारशांच्या दोखम्याचीही एक प्रतिकृती आहे. साहेबाला ही माणसं 'नमुने' म्हणून हवी होती, हे उघड आहे. कोण कसा दिसतो, काय नेसतो, याची नोंदवही. पण आमचा आठ वर्षांचा काचेला नाक लावून प्रत्येक पगडी मोजत होता, आणि बाबा त्याला सांगत होते की ही आपल्याकडे कोण घालायचं, ती कोण. संग्रहालय २००३ ते २००८ या काळात दुरुस्तीसाठी बंद होतं. मी लहानपणी पाहिलेलं म्युझियम अंधारं आणि धुळकट होतं. आता खांबांवरचं हिरवं-सोनेरी काम असं चकाकतं की बाबा पहिल्यांदा आत शिरले तेव्हा "हे तेच का रे?" असं दोनदा म्हणाले.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. मुलं त्याच्यापुढे फोटो काढतात आणि पुढे पळतात, पण त्या बिचाऱ्याची कथा सांगण्यासारखी आहे. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ मध्ये साहेबांनी याला उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले, आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले. पन्नास वर्षं हत्ती तुकड्यांत पडून होता! ही गोष्ट सांगितली तेव्हा धाकटी परत मागे गेली आणि त्याच्या पायावर हात फिरवून आली.

त्याच बागेत दुसरेही काही विस्थापित आहेत. १९६५ मध्ये शहरातले राजा-राणीचे पुतळे हलवले, ते इथे येऊन पोचले. ज्याच्यामुळे 'काळा घोडा' हे नाव पडलं तो घोडा, त्यावरच्या सातव्या एडवर्डसकट, इथे आहे. संगमरवरी राणीही म्युझियमच्या मागे बसली आहे. म्हणजे धाकटीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की, राणी इथे राहायची नाही, पण १९६५ पासून राहते!

आता त्या १८९० सालाकडे येऊ. खरं म्हणजे हा लेख मला याच्यासाठीच लिहावासा वाटला.

राणीच्या बागेच्या आजूबाजूचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. भायखळा, चिंचपोकळी, काळाचौकी, लालबाग, परळ. म्हणजे गिरणगाव. बाग फुलत होती त्याच वर्षांत तिच्या चारी बाजूंनी धुराडी उभी राहत होती. त्या गिरण्यांमध्ये माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम करायची, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नावाची गोष्टच नव्हती. सणावाराला गिरणी बंद असे तेवढंच, आणि यंत्रं पुसायच्या दिवशीही निम्मा दिवस जायचाच. म्हणजे बाग चालत दहा मिनिटांवर, पण जायचं कधी?

आणि मुलं? हे वाचताना मी थबकलो. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला तेव्हा त्यात काय सुधारणा होती माहीत आहे? सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात. ही सुधारणा बरं का! मोठ्यांसाठी त्यात काहीच नव्हतं. १८९१ च्या कायद्याने वयाची अट नऊवर नेली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातावर आणले. म्हणजे आमच्या घरातला आठ वर्षांचा, जो दप्तर उचलताना "आई गं, पाठ दुखते" म्हणतो, तो १८८५ साली याच भागात राहत असता तर कायद्याने नऊ तास गिरणीत उभा राहू शकला असता. आणि तेव्हा बाग होती, म्युझियम होतं. सगळं भिंतीपलीकडे होतं.

या सगळ्यात एक माणूस उभा राहिला, नारायण मेघाजी लोखंडे. मूळ ठाण्याचे, मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिलेली होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८० पासून ते 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालवू लागले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या किती साध्या होत्या बघा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा.

सहा वर्षं हे चाललं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० साली, दहा हजार पुरुषांसमोर! त्या काय बोलल्या असतील याचा मी बराच वेळ विचार करत बसलो. शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारच्या साप्ताहिक सुट्टीचा ठराव केला. पुढच्या वर्षीच्या कायद्यातही आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली. रविवारच का? सरकारी कचेऱ्यांना साहेबाच्या धर्मामुळे रविवारची सुट्टी होतीच, आणि आपल्याकडे रविवार हा खंडोबाचा वार. दोन्ही बाजूंनी सोयीचा.

तर १८९० या एकाच साली राणीच्या बागेत प्राण्यांना पंधरा एकर मिळाले आणि गिरणगावातल्या माणसांना रविवार मिळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, उगाच जुळवाजुळव करायची नाही मला. पण आपण जी यादी म्हणतो ना, 'मुलांना घेऊन मुंबई बघायची', ती या दोन गोष्टींशिवाय शक्यच नव्हती. बाग साहेबाने दिली हे शाळेत कळतं. रविवार कोणी मिळवून दिला हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. २००५ मध्ये त्यांच्यावर टपालाचं तिकीट निघालं होतं.

आता वाटेल की रविवार मिळाल्याबरोबर सगळे मुलांचा हात धरून बागेत निघाले असतील. तसंही झालं नाही. कारण बहुतेकांची मुलं इथे नव्हतीच. गिरणीतला गडी मुख्यतः कोकणातला, घाटावरचा. एका खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खाणावळीत, बायकामुलं गावी. माझे पणजोबा असेच रत्नागिरीकडून आलेले. त्यांचं 'कुटुंब' रविवारी म्हणजे खोलीतले गाववाले. बाबा सांगतात की पणजी पहिल्यांदा मुंबईला आली ती लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आणि आल्यावर पणजोबांनी तिला पहिल्यांदा नेलं ते राणीच्या बागेत. तिने वाघ पाहिला, सिंह पाहिला, हत्ती पाहिला. गावी परत जाऊन तिने काय सांगितलं असेल? तर 'भिंतीतून पाणी येतं'! वाघ काय, कोकणातही ऐकून माहीत होता. नळ नवीन होता.

ट्रामचं सांगितल्याशिवाय बाबा मला सोडणार नाहीत. मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ ला धावली, घोड्यांची. विजेची आली ७ मे १९०७ ला, आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम. गिरणगावातल्या घरांसाठी कुठेही सहकुटुंब जायचं म्हणजे ट्राम, कारण ती स्वस्त आणि हळू, म्हाताऱ्यांना आणि पोरांना चढता-उतरता यायचं. ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे. लालबागच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती आणि काही म्हातारे नमस्कार करत होते, असं ते सांगतात. आमच्या पिढीला मग दुमजली बस होती, १९३७ पासून चालत आलेली. वरच्या मजल्यावर अगदी पुढची खिडकी मिळवायला भावंडांत झालेल्या मारामाऱ्या आठवतात. ती जुनी डिझेलची लाल दुमजली १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. त्याच वर्षी विजेवरची वातानुकूलित दुमजली आली आहे, पण तिच्या पुढच्या खिडकीतून तोंडावर वारा येत नाही, आणि वारा हाच तर सगळा मुद्दा होता.

गेटवेबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीतच आहे. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये आला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाभरणी ३१ मार्च १९१३, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण तिथूनच बाहेर पडली. आत यायला बांधलेलं दार बाहेर जायला उपयोगी पडलं, हे मुलांना फार आवडलं. तिथून जवळच दुसरं मोठं संग्रहालय आहे, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, त्याआधी पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत लष्करी इस्पितळ होतं. तिथे खास मुलांसाठीचं वेगळं संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झालं. पायाभरणीपासून मोजलं तर एकशे चौदा वर्षांनी!

म्हणजे हे सगळं पाहता पाहता मला जाणवलं ते असं की, १९४७ पर्यंत या यादीतली एकही जागा मुलांसाठी म्हणून बांधलेली नव्हती. बाग झाडांसाठी, म्युझियम व्यापारासाठी, गेटवे राजासाठी. हँगिंग गार्डन १८८१ चं, ते तर चक्क पाण्याच्या टाकीचं झाकण आहे. मलबार हिलचा जलाशय खाली आणि त्याच्यावर गवत आणि फुलं. आपण मुलांना घेऊन या सगळ्यात घुसलो आणि ते आपलं करून टाकलं, ही गोष्ट वेगळी.

मुलांचा विचार करून काहीतरी बांधायचं हे सुचलं ते स्वातंत्र्यानंतर, आणि लगेच सुचलं हे मला महत्त्वाचं वाटतं. फाळणी झालेली, रेशनच्या रांगा लागलेल्या, राज्यघटना नुकतीच लागू झालेली. अशा वेळी १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला यांनी दिलेले. आणि १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क झाला आणि त्यात तो बूट. सोली अर्सीवाला या महापालिकेच्या अभियंत्याने तो आखला. महापालिकेचा एक अभियंता, ज्याचं रोजचं काम पाणी आणि गटारं, तो बसून बुटाला जिना कसा काढायचा, वर खिडकी कुठे ठेवायची, आतून मूल अडकणार नाही ना, याचा नकाशा काढतोय हे दृश्य मला फार आवडतं.

गंमत म्हणजे तो बूट एका इंग्रजी बालगीतातला. साहेब जाऊन पाच वर्षं झाली नव्हती आणि आपण मुलांसाठी बांधलं ते साहेबाच्या गाण्यातलं! पण लालबागच्या मराठी शाळेतल्या मुलांना ते गाणं कुठे ठाऊक होतं? बाबांना विचारलं, "तुम्हाला काय वाटायचं, बुटात म्हातारी का राहते?" ते म्हणाले, "आम्हाला वाटायचं, खोली मिळाली नसेल." दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं राहत असताना वाढलेल्या मुलाला याहून सरळ उत्तर कुठलं सुचणार!

यातलं आज काय उरलंय? मत्स्यालय २०१५ मध्ये नवं करून उघडलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत ते बंद झालं आणि पुढे इमारतच धोकादायक ठरल्यामुळे कुलूप कायम राहिलं. राणीच्या बागेत मात्र गर्दी वाढली आहे, २०१७ मध्ये पेंग्विन बघायला मिळू लागले तेव्हापासून तर विचारूच नका. तिकीटही वाढलं. १ ऑगस्ट २०१७ पर्यंत मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये होते, ते पन्नास आणि पंचवीस झाले. आई, वडील आणि दोन मुलं अशा 'कुटुंबाला' शंभर रुपये. प्राण्यांना नीट ठेवायचं तर पैसा लागतो, हे मान्यच आहे, आणि पूर्वीच्या त्या गंजक्या पिंजऱ्यांपेक्षा आताची व्यवस्था कितीतरी बरी आहे. पण 'कुटुंब' म्हणजे चार माणसं, ही व्याख्या पाहून मला हसू आलं. गावाहून आलेली चुलत भावंडं, आत्या, तिची दोन, असे नऊ-दहा जण मिळून जायचं तेच तर मुंबई दर्शन!

आणि एक. ज्यांना ही बाग चालत दहा मिनिटांवर होती, ती माणसं आता तिथे राहत नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चाळी गेल्या, घरं विकली गेली. आम्हीही त्यातलेच, लालबागहून डोंबिवलीला आलेले. आता बागेत जायचं म्हणजे रविवारी सकाळी लोकल, डब्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि "भायखळा आलं का?" हा प्रश्न दर स्टेशनाला. परत येताना गाडीत धाकटी झोपलेली असते आणि तिचं सगळं वजन बाबांच्या खांद्यावर असतं, आणि मी घेतो म्हटलं तरी ते देत नाहीत.

दिवाळीत येणाऱ्या मंडळींसाठी (पुण्याची मावशी आणि तिची फौज, हे तुमच्यासाठी!) थोडं कामाचं. राणीची बाग आणि म्युझियम दोन्ही बुधवारी बंद असतात, तेव्हा तो वार सोडून या. बागेत सकाळी दरवाजे उघडताच शिरा, पेंग्विनची रांग नंतर लांबते. म्युझियमला कमीत कमी एक तास ठेवा, मातीच्या बाहुल्या पळत पळत बघायच्या नसतात. हत्तीपाशी थांबा, त्याची गोष्ट मी सांगेन. आणि बूट शेवटी ठेवू या, कारण तिथून मुलं लवकर निघत नाहीत. चपात्या आणि बटाट्याची भाजी आमच्याकडून, लोणचं तुम्ही आणा.